एमआरआय रिपोर्टमधली ‘अ‍ॅट्रॉफी’: कंपवात आणि त्याच्या जुळ्या भावंडांत मेंदूचा स्कॅन नेमकं काय दाखवतो?

घरात आजोबांचा हात थरथरायला लागतो, चालताना पाऊल घासतं, शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं जातात. न्यूरॉलॉजिस्ट तपासतात आणि ‘एमआरआय ब्रेन’ लिहून देतात. बुकिंग करताना मोबाइल नंबर दिलेला असतो नातवाचा नाहीतर नातीचा, त्यामुळे रिपोर्टची पीडीएफ सगळ्यात आधी येते ती तुमच्या फोनवर. डॉक्टरांची अपॉइंटमेंट परवाची. आणि रिपोर्टच्या तळाशी, ठळक अक्षरांत: ‘डिफ्यूज सेरेब्रल कॉर्टिकल अ‍ॅट्रॉफी’. सर्च केलं की पहिलाच अर्थ येतो, मेंदू आकसणे. पुढच्या पाच मिनिटांत डिमेन्शिया, अल्झायमर्स, ‘आयुष्य किती उरलं’ असं सगळं स्क्रीनवर येऊन जातं.

हा लेख त्या परवापर्यंतच्या वेळेसाठी आहे. मी डॉक्टर नाही. मी टेक्नॉलॉजीवर लिहितो, आणि एमआरआय हे मला आजवर भेटलेलं सगळ्यात भन्नाट यंत्र आहे. हे यंत्र मेंदूचं आकसणं कसं बघतं, कुठल्या आजारात ते कुठे दिसतं, आणि त्या एका ओळीवरून काय कळतं नि काय अजिबात कळत नाही, एवढंच इथे सांगणार आहे. एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल. सत्तरीच्या माणसाच्या रिपोर्टमध्ये ‘अ‍ॅट्रॉफी’ हा शब्द असणं यात फारसं विशेष काही नाही. बघायचं असतं ते कुठे, कुठल्या बाजूला, आणि वयाच्या मानाने किती.

मेंदूची साल आणि एक मिलिमीटरचा ठोकळा

कॉर्टेक्स म्हणजे मेंदूची सगळ्यात बाहेरची साल. अक्रोडासारख्या ज्या वळ्या आपण चित्रात बघतो, त्या या सालीच्याच घड्या. सगळ्या घड्या उलगडून पसरल्या तर साधारण २ हजार चौरस सेंटिमीटर भरतील, म्हणजे वर्तमानपत्राच्या एका पानापेक्षा थोडं जास्त. जाडी मात्र अगदीच कमी: जागेनुसार १ ते ४.५ मिलिमीटर, सरासरी अडीच. या अडीच मिलिमीटरमध्ये बोलणं, बघणं, ठरवून हात उचलणं, दिसलेली वस्तू ओळखणं, सगळं बसवलेलं आहे. यातल्या पेशी आणि त्यांच्या फांद्या कमी होत गेल्या की साल पातळ होते, वळ्या बारीक होतात आणि वळ्यांमधल्या खाचा रुंद होतात. रिपोर्टमध्ये ‘प्रॉमिनंट सल्काय’ असं लिहिलेलं असतं ते याचंच वर्णन. सल्काय म्हणजे त्या खाचा.

एमआरआय हे कसं टिपतो? शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन आहे. जोरदार चुंबकात (आपल्याकडे बहुतेक सेंटरमध्ये १.५ किंवा ३ टेस्लाच्या) या हायड्रोजनच्या केंद्रकांचा एकत्रित कल चुंबकाच्या दिशेने होतो. रेडिओ लहरींचा एक धक्का दिला की ती हलतात, आणि मूळ जागी परत येताना स्वतः एक क्षीण सिग्नल देतात. कुठला भाग किती लवकर परत येतो ते तिथल्या पाण्यावर आणि चरबीवर ठरतं. म्हणून ‘टी-वन’ प्रकारच्या चित्रात आतली वायरिंग पांढरी दिसते, कॉर्टेक्स करडा दिसतो आणि भोवतीचं पाणी काळं. क्ष-किरण यात कुठेच नाहीत. या तंत्राने पहिलं चित्र काढणारे पॉल लॉटरबर (१९७३) आणि त्याचं गणित वेगवान करणारे पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल मिळालं.

आता गंमत बघा. चांगल्या थ्रीडी स्कॅनमध्येही एक ठोकळा, म्हणजे चित्राचा थ्रीडी पिक्सेल, साधारण १ मिलिमीटरचा असतो. आणि आजारात कॉर्टेक्स पातळ होतो तो अनेकदा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याने. फूटपट्टीवरच्या सगळ्यात लहान खुणेपेक्षाही कमी फरक मोजायचा कसा?

फोनवर एखादं अक्षर जास्तीत जास्त झूम करून बघा. कडेचे पिक्सेल पूर्ण काळे नसतात, पूर्ण पांढरेही नसतात, मधल्या करड्या छटांचे असतात. त्या छटेवरून कड त्या पिक्सेलच्या नेमकी किती आत आहे याचा अंदाज बांधता येतो. मेंदूचं सॉफ्टवेअर तेच करतं. वायरिंग आणि कॉर्टेक्स यांच्यामधली एक सीमा, कॉर्टेक्स आणि पाणी यांच्यामधली दुसरी सीमा, अशा दोन जाळ्या ते आखतं आणि लाखभराहून जास्त बिंदूंवर त्यांच्यातलं अंतर मोजतं. ब्रूस फिशल आणि अँडर्स डेल यांनी २००० साली ही पद्धत मांडली. तिच्यावर उभं असलेलं ‘फ्रीसर्फर’ हे सॉफ्टवेअर आजही फुकट मिळतं. संशोधकांनी खुल्या केलेल्या डेटामधला एक स्कॅन मी माझ्या लिनक्स लॅपटॉपवर टाकून बघितला होता. रात्री जेवून लावला, सकाळी चहापर्यंत झाला, पंखा मात्र रात्रभर रडत होता.

पण तुमच्या फोनवर आलेल्या रिपोर्टमध्ये यातलं बहुधा काहीही झालेलं नसतं. नेहमीच्या तपासणीत बरेचसे काप ५ मिलिमीटर जाडीचे असतात, आणि ‘अ‍ॅट्रॉफी’ हा शब्द रेडिओलॉजिस्टने नजरेने बघून, अनुभवावरून लिहिलेला असतो. ती नजर तयार असते, तिला कमी लेखू नका. फक्त ते माप नाही, मत आहे. साठीनंतर निरोगी माणसाच्या मेंदूचं आकारमानही दरवर्षी साधारण अर्धा टक्का कमी होतं. म्हणूनच ‘एज-रिलेटेड’ हा शब्द सोबत आला असेल तर रेडिओलॉजिस्ट म्हणतायत की वयाच्या मानाने हे अपेक्षितच आहे.

कंपवात: जिथे आजार आहे तिथे स्कॅन गप्प

मराठीत कंपवात म्हणतात तो पार्किन्सन्स. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात मुख्य पडझड कॉर्टेक्समध्ये होत नाही. ती होते खोल आत, मिडब्रेनमधल्या ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ नावाच्या काळसर पट्ट्यात. तिथल्या डोपामीन बनवणाऱ्या पेशी मरतात. लक्षणं दिसेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त गेलेल्या असतात, असा अंदाज आहे. पण तो पट्टा इतका लहान, आणि बाकी मेंदू इतका ठीकठाक, की साधा एमआरआय अनेकदा पूर्ण नॉर्मल येतो.

इथे घराघरांत एक गोंधळ होतो. ‘एमआरआय नॉर्मल आला, म्हणजे पार्किन्सन्स नाही’ असं म्हणून कुणीतरी गोळ्या बंद करतं. असं करू नका. पार्किन्सन्सचं निदान आजही डॉक्टर माणूस तपासून करतात: हालचाल मंदावली आहे का, स्नायू ताठ आहेत का, कंप कुठल्या बाजूने सुरू झाला, लेव्होडोपाने फरक पडतो का. स्कॅन काढतात तो मुख्यतः ‘दुसरं काही नाही ना’ हे बघायला.

मग कॉर्टेक्सचं काय? ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ मध्ये पार्किन्सन्सच्या २ हजारांहून जास्त रुग्णांचे स्कॅन निरोगी लोकांच्या स्कॅनशी ताडून बघितले. कॉर्टेक्सच्या बऱ्याच भागांत पातळपणा सापडला आणि आजार पुढच्या टप्प्यात गेला तसा तो वाढलेला दिसला. पण हा फरक सरासरीतला आणि छोटा. दोन शाळांची सरासरी उंची अर्ध्या सेंटिमीटरने वेगळी असली, तरी एका मुलाची उंची बघून तो कुठल्या शाळेचा ते सांगता येत नाही, तसंच हे. हजारो माणसांच्या गटात सापडणारी गोष्ट एका आजोबांच्या स्कॅनवर वाचता येईलच असं नाही. ‘स्कॅनवरून पार्किन्सन्स ओळखणारा एआय’ अशी बातमी फॉरवर्ड होऊन येते, तेव्हा मी पहिल्यांदा हाच प्रश्न विचारतो: गटात ओळखला, की एका माणसात?

थेट त्या काळसर पट्ट्याकडे बघायचे मार्ग आहेत. ३ टेस्लाच्या खास प्रकारच्या चित्रात निरोगी माणसात तिथे पाकोळीच्या दुभंगलेल्या शेपटीसारखी खूण दिसते. पार्किन्सन्समध्ये ती पुसली जाते. दुसरा मार्ग न्यूक्लिअर मेडिसिनचा. आपल्याकडे ‘ट्रोडॅट’ नावाचा स्कॅन होतो, त्यात डोपामीनच्या टोकांना चिकटणारं थोडंसं किरणोत्सारी औषध देतात. निरोगी मेंदूत दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारखे चमकदार आकार येतात. पेशी गेल्या असतील तर स्वल्पविरामाची शेपटी गळून पूर्णविराम उरतो. ज्याने कुणी हे पहिल्यांदा म्हटलं त्याला माझा सलाम.

मात्र या स्कॅनलाही मर्यादा आहे. पार्किन्सन्ससारखे दिसणारे पण वेगळे असे काही आजार आहेत, त्यांच्यातही पूर्णविरामच दिसतो. आणि नेमकं तिथेच, आकसण्याचा नकाशा कामाला येतो.

हमिंगबर्ड, बन आणि एकाच बाजूची झीज

पीएसपी, पूर्ण नाव प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी. टोरोंटोच्या स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की यांनी १९६४ मध्ये वेगळा ओळखून मांडलेला आजार. माणूस सुरुवातीपासूनच पडायला लागतो, तेही मागच्या मागे. डोळे वर-खाली फिरवणं जड जातं, म्हणून जिना उतरताना पायरी दिसत नाही, ताटातलं दिसत नाही. लेव्होडोपाचा उपयोग फारसा होत नाही.

यात मिडब्रेन आकसतो, पण त्याच्या खालचा पॉन्स हा फुगीर भाग बराचसा तसाच राहतो. मेंदूचा मधोमध उभा काप घेतला की पॉन्स दिसतो पक्ष्याच्या गुबगुबीत पोटासारखा आणि बारीक झालेला मिडब्रेन त्याच्या डोक्या-चोचीसारखा. म्हणून नाव पडलं ‘हमिंगबर्ड साइन’. (हमिंगबर्ड हा अमेरिका खंडातला पक्षी. आपल्याकडे जास्वंदीवर येतो आणि इन्स्टावर हमिंगबर्ड म्हणून मिरवला जातो तो शिंजीर.) जपानमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये या कापावर मिडब्रेनचं क्षेत्रफळ मोजलं. निरोगी लोकांत सरासरी सुमारे ११८ चौरस मिलिमीटर, पार्किन्सन्समध्ये १०३, आणि पीएसपीमध्ये फक्त ५६. बघा, पार्किन्सन्सचा आकडा निरोगी आकड्याला जवळजवळ चिकटून आहे आणि पीएसपीचा निम्म्यावर आलाय. पुढे २००८ मध्ये इटलीतल्या क्वात्रोने यांच्या गटाने पॉन्स, मिडब्रेन आणि लहान मेंदूकडे जाणारे दोन देठ यांच्या मापांचा मिळून एक निर्देशांक बनवला, त्यामुळे नजरेऐवजी आकड्यावर बोलता येतं. तरी पहिल्या वर्षभरात ही खूण दिसेलच असं नाही. काही रुग्णांत ती उशिरा उमटते.

हे कळून उपयोग काय? खूप आहे. लेव्होडोपाचा डोस वाढवत राहण्याऐवजी घरात कठडे लावणं, गिळण्याची तपासणी करणं, फिजिओथेरपी, ही कामं वेळेवर सुरू होतात. पीएसपी थांबवणारं औषध आज नाही, पण पडून खुब्याचं हाड मोडणं बऱ्याचदा टाळता येतं.

आता ज्यात कॉर्टेक्सच मुख्य आहे तो आजार: कॉर्टिकोबेसल सिंड्रोम. नावातच कॉर्टेक्स आहे. रेबाइझ, कोलोडनी आणि रिचर्डसन यांनी १९६०च्या दशकात त्याचं पहिलं वर्णन केलं. याची ओळख म्हणजे एकतर्फीपणा. एक हात ताठ, अवघडलेला होतो. ताकद असते, पण हात ऐकत नाही. कंगवा कसा धरायचा, निरोप देताना हात कसा हलवायचा, हे ‘विसरल्यासारखं’ होतं. काहींचा हात आपल्या मनाने उचलला जातो, बटण लावलं तर दुसरा हात ते काढतो. बाहेरच्याला हे नाटक वाटू शकतं. घरच्यांनाही वाटतं, आणि त्यावरून त्या माणसाला बोलणी बसतात.

स्कॅनमध्ये मात्र ते दिसू शकतं. उजवा हात बिघडला असेल तर मेंदूच्या डाव्या बाजूला, कपाळामागच्या आणि माथ्याखालच्या भागात, वळ्या बारीक आणि खाचा रुंद झालेल्या असतात. दुसरी बाजू त्या मानाने भरलेली. डावी-उजवी शेजारी ठेवून बघितली की फरक कळतो, आणि इथे तुलना स्वतःच्याच दुसऱ्या बाजूशी असल्यामुळे वयाचा मुद्दा बराचसा बाजूला पडतो. म्हणून ‘डिफ्यूज अ‍ॅट्रॉफी’पेक्षा ‘असिमेट्रिक पॅरायटल अ‍ॅट्रॉफी’ ही ओळ कितीतरी जास्त बोलकी असते. पण यातही मेख आहे. याच लक्षणांच्या मुळाशी दर वेळी एकच आजार नसतो. काहींमध्ये आतून अल्झायमर्स निघतो, काहींमध्ये पीएसपी. झीज कुठे आहे ते स्कॅन सांगतो, ती कुठल्या प्रथिनामुळे झाली हे त्याला सांगता येत नाही.

तिसरं भावंड एमएसए, मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी. उठून उभं राहिलं की बीपी धाडकन उतरतं, लघवीचे त्रास सुरू होतात, तोल जातो. यात पॉन्स आणि लहान मेंदू झिजतात आणि पॉन्सच्या आडव्या कापात कधीकधी एक फुली उमटते. तिचं नाव ‘हॉट क्रॉस बन साइन’. गुड फ्रायडेला वांद्र्याच्या किंवा गोव्याच्या बेकरीत वर क्रॉस काढलेला गोडसर पाव मिळतो ना, तोच.

हंटिंग्टन्स: लक्षणांच्या आधी दिसणारी झीज

वरच्या सगळ्या आजारांत स्कॅन येतो लक्षणांनंतर. हंटिंग्टन्स हा असा आजार आहे की ज्यात तो आधी येऊ शकतो. जॉर्ज हंटिंग्टन यांनी १८७२ मध्ये, वयाच्या बाविशीत, त्याचं वर्णन लिहिलं. नाचल्यासारख्या अनियंत्रित हालचाली, स्वभाव बदलणं, पुढे विचारशक्तीवर परिणाम. आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. त्याचं जनुक १९९३ मध्ये सापडलं: त्यात ‘सीएजी’ ही तीन अक्षरं ४० किंवा जास्त वेळा ओळीने आली असतील, तर सामान्य आयुर्मानात आजार होतोच.

म्हणजे कुणाला होणार हे रक्ताच्या तपासणीतून आधीच कळतं. त्यामुळे संशोधकांना एक दुर्मीळ संधी मिळाली: ज्यांना अजून काहीच त्रास नाही त्यांचे स्कॅन वर्षानुवर्षं काढत राहायचे. लंडन, पॅरिस, लायडन आणि व्हँकुव्हर इथे चाललेल्या ‘ट्रॅक-एचडी’ अभ्यासात आणि अशाच इतर अभ्यासांत दिसलं, की मेंदूच्या आतला कॉडेट नावाचा भाग लक्षणांच्या दहाएक वर्षं आधीच आकसायला लागलेला असतो. कॉर्टेक्सही पातळ होतो, आणि तो डोक्याच्या मागच्या भागाकडून पुढे सरकत जातो. हे वाचताना मला कायम अस्वस्थ व्हायला होतं. पंचविशीतलं कुणीतरी नोकरीला जातंय, क्रिकेट खेळतंय, आणि मशीनला फरक दिसतोय.

पण याच मोजमापामुळे नवी औषधं लवकर तपासता येतात. लक्षणं यायची वाट न बघता, झीज मंदावली का हे चाचणीत बघता येतं. तुमच्या घरात हा आजार असेल तर कुतूहलापोटी स्वतःचा स्कॅन काढू नका. जनुक चाचणीचा विचार असेल तर आधी जेनेटिक समुपदेशकाशी बोला. नको असेल तर न करणं हाही तुमचा हक्क आहे.

हललेला फोटो आणि परकी फूटपट्टी

कमी उजेडात फोन हलला की फोटो फिस्कटतो. एमआरआयचा एक टप्पा चार-पाच मिनिटांचा असतो, आणि आपण तपासतोय कोणाला, तर ज्याचा आजारच हलण्याचा आहे त्याला! डोकं हललं की कॉर्टेक्सची कड धूसर होते, आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं की डोकं हललेल्या स्कॅनमध्ये सॉफ्टवेअरला कॉर्टेक्स खऱ्यापेक्षा पातळ वाटतो. निरोगी माणसाने मुद्दाम डोकं हलवलं तरी असंच होतं. म्हणजे थरथर स्वतःच खोटी अ‍ॅट्रॉफी निर्माण करू शकते. त्यामुळे रिपोर्टमध्ये ‘मोशन आर्टिफॅक्ट’ असं लिहिलेलं असेल तर बारीक मापांवर जास्त विसंबू नका. औषधाच्या वेळेनुसार कंप कमी-जास्त होतो, म्हणून स्कॅनची वेळ ठरवताना डॉक्टरांना हे विचारून घेणं फायद्याचं. मशीन बदललं तरी आकडे बदलतात.

दुसरा प्रश्न तुलनेचा. ‘वयाच्या मानाने कमी’ म्हणायला त्या वयाचे खूप निरोगी मेंदू मोजलेले हवेत. बाळाच्या वजन-उंचीचा तक्ता असतो तसा मेंदूचा तक्ता २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आला: १ लाखाहून जास्त माणसांचे जवळपास १ लाख २४ हजार स्कॅन. त्यात कॉर्टेक्सची सरासरी जाडी दुसऱ्या वर्षाच्या आतच शिखराला पोचते आणि मग हळूहळू उतरत जाते असं दिसलं. (थोडक्यात, तुमचा-माझा कॉर्टेक्सही उतारावरच आहे. तो उतार वाढीचाच भाग आहे.) पण त्यातले बहुतेक स्कॅन युरोप आणि उत्तर अमेरिकेतले, हे लेखकांनी स्वतः मान्य केलंय. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये १०० निरोगी तरुण भारतीयांच्या स्कॅनवरून एक भारतीय अ‍ॅटलस बनवला, त्यात आपल्या मेंदूची सरासरी लांबी-रुंदी-उंची पाश्चात्त्य अ‍ॅटलसपेक्षा थोडी कमी निघाली. याचा बुद्धीशी संबंध नाही, पण फूटपट्टीशी आहे. परक्या तक्त्यावर बसवलेलं सॉफ्टवेअर ‘पर्सेंटाइल’ देत असेल, तर तो तक्ता कुणाचा हे विचारायला हवं.

फोनवर काय करावं, काय नाही

फिल्म खिडकीशी धरून काढलेला फोटो चॅटबॉटला देऊन ‘यात काय आहे?’ असं विचारणारे बरेच जण मला माहीत आहेत. फिल्मवर शेकडो चित्रांतली निवडक चित्रं असतात, तीही लहान करून छापलेली. हमिंगबर्डसाठी नेमका मधला उभा काप लागतो. तो फिल्मवर नसेल तर कुणालाच, माणसाला किंवा बॉटला, तो दिसणार नाही. बॉट उत्तर मात्र ठामपणे देईल. रिपोर्टमधल्या एखाद्या शब्दाचा अर्थ विचारायला तो चांगला आहे. निदान विचारायला नाही.

खरा डेटा असतो सीडीवर किंवा सेंटरने दिलेल्या लिंकवर, ‘डायकॉम’ या फॉरमॅटमध्ये. तो मागून घ्या, तुमचा हक्क आहे. पण कुठल्याही फुकट वेबसाइटवर टाकण्याआधी थांबा. डायकॉम फाइलच्या आत रुग्णाचं नाव, जन्मतारीख, तपासणीची तारीख लिहिलेली असते. नाव पुसलं तरी एक गोष्ट उरते, ती म्हणजे चेहरा. थ्रीडी स्कॅनमध्ये नाक, डोळे, ओठ सगळे येतात. २०१९ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८४ स्वयंसेवकांच्या एमआरआयमधून चेहरे उभे केले आणि फेस रेकग्निशन सॉफ्टवेअरने त्यातले ७० बरोबर त्यांच्या फोटोंशी जुळवले. म्हणून संशोधनासाठी स्कॅन खुले करताना हल्ली चेहरा आधी खोडतात. फॅमिली ग्रुपवर लिंक टाकतानाही एवढं लक्षात असू द्या.

आता परवाच्या अपॉइंटमेंटला जाताना. जुना सीटी किंवा एमआरआय असेल, अगदी पाच वर्षांपूर्वी पडल्यावर काढलेला असला, तरी तो सोबत न्या. एका स्कॅनवर ‘कमी आहे’ एवढंच कळतं, दोन स्कॅनवर ‘किती वेगाने’ ते कळतं. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या. चक्करसाठी वर्षानुवर्षं घेतलेली सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, उलटीसाठीची मेटोक्लोप्रमाइड, काही मानसोपचाराची औषधं, यांनी हुबेहूब पार्किन्सन्ससारखा कंप येऊ शकतो. त्यात एमआरआय नॉर्मल असतो, ट्रोडॅटही बहुधा नॉर्मल, आणि डॉक्टरांनी औषध बदललं की त्रास हळूहळू कमी होऊ शकतो. स्वतःहून मात्र काही बंद करू नका.

रिपोर्टमध्ये ‘व्हेंट्रिकल्स’ मोठे झाल्याचं लिहिलं असेल तर एक प्रश्न जरूर विचारा: हे मेंदू आकसल्यामुळे आहे, की पाणी साठल्यामुळे? मेंदूतले पाण्याचे कप्पे दोन्ही कारणांनी मोठे दिसतात. पण पाणी साठण्याच्या एका प्रकारात, नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलसमध्ये, पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा सुटणं आणि विसरभोळेपणा अशी लक्षणं असतात, आणि नळी बसवायच्या ऑपरेशनने त्यातल्या बऱ्याच जणांची चाल सुधारते. ‘म्हातारपण आहे, मेंदू आकसलाय’ म्हणून हा प्रश्न राहून गेला, तर सुधारू शकणारा माणूस खुर्चीत बसून राहतो.

आणि तुमच्या फोनचा सगळ्यात चांगला उपयोग स्कॅनशी संबंधित नाहीच. व्हिडिओ काढा. दवाखान्यात पाच मिनिटं आजोबा ताठ बसतात, कंप लपतो, आणि घरी आल्यावर परत सुरू. फोन आडवा धरा, डोक्यापासून पावलांपर्यंत माणूस दिसू द्या, खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालू द्या. हात मांडीवर ठेवून शांत बसलेले असतानाचा अर्धा मिनिट, कप उचलतानाचा अर्धा मिनिट. झोपेत ओरडत, लाथा झाडत असतील तर तेही, कारण पार्किन्सन्स आणि एमएसएमध्ये हे इतर लक्षणांच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होऊ शकतं. चालतानाच्या व्हिडिओत वळतानाचा भाग कापू नका. किती पावलांत वळले, ते डॉक्टर मोजतात.